अनुस्वार की धूळ

ऑफिसात असतो तो सपाट स्कॅनर सुट्या कागदांसाठी केलेला आहे. पुस्तक त्याच्यावर पालथं घालावं लागतं आणि वरून दाबावं लागतं. शिवण ताणली जाते, पुठ्ठ्यालगतची पानं सुटतात, आणि एवढं करून पाठीच्या घळीतली अक्षरं वाकडी, काळवंडलेली येतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांचा कागद तर पापडासारखा असतो. कोपरा दुमडला की तो तुकडा हातातच येतो.

पुस्तकासाठी केलेल्या यंत्रात पुस्तक उताणं असतं. मांडीवर घेऊन वाचावं तसं ते शंभरेक अंशांत उघडं, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या पाळण्यात विसावतं. तशाच कोनात जोडलेल्या दोन काचा वरून खाली येतात आणि दोन्ही पानं सपाट करतात. डावीकडचा कॅमेरा उजवं पान टिपतो, उजवीकडचा डावं. काच वर, पान उलट, काच खाली, कळ दाब. पुस्तक संपेपर्यंत एवढंच.

असं यंत्र घरी बनवता येतं हे दाखवून दिलं ते डॅनियल रीट्झ या अमेरिकन विद्यार्थ्यानं. २००९ साली त्यानं टाकाऊ सामान आणि दोन स्वस्त कॅमेरे यांच्यातून स्कॅनर उभा केला आणि त्याची कृती पायरीपायरीनं सगळ्यांसाठी खुली केली. त्यानंतर देशोदेशीच्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे आणि आपापल्या बाजारात मिळेल त्या सामानातून तो बनवला.

माझा सॉल्ट लेकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर आहे. जुने कॅनन कॅमेरे मेट्रो गलीतून आणले, दिव्यांचं सामान चांदनी मार्केटमधून. या कॅमेऱ्यांमध्ये हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेली 'सीएचडीके' ही प्रणाली मेमरी कार्डावरून चालवता येते; मग यूएसबीच्या तारेतून विजेचा एक झटका दिला की दोन्ही कॅमेरे एकदमच टिपतात. फार मोठा कॅमेरा लागतही नाही. क्राउन आकाराचं पान साधारण पाच इंच बाय साडेसात इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर सगळे मिळून ३४ लाख ठिपके. कुठलाही जुना कॅमेरा हे सहज पेलतो.

सांगाडा प्लायचा. तो आमच्याच ब्लॉकात काम करणाऱ्या सुतारानं केला. पाळणा डावी-उजवीकडे सरकायला हवा होता, कारण पानं उलटत जाऊ तशी पुस्तकाची पाठ जागा बदलते. त्यानं खाली ड्रॉवरचे चॅनेल बसवून दिले आणि विचारलं, "दिदी, बोईयेर जन्ने खाट?" पुस्तकासाठी खाट! तेव्हापासून घरात त्याचं नाव खाटच आहे.

ही खाट मी केली ती एका कपाटासाठी.

आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे एक काका राहतात. त्यांचे वडील बंगाल नागपूर रेल्वेत होते. नागपूरहून बदली होऊन गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत आले आणि इथलेच झाले. पुढे सॉल्ट लेकमध्ये घर बांधलं. खाऱ्या पाणथळीवर हुगळीच्या तळातला गाळ आणून ओतायला १९६२ साली सुरुवात झाली, आणि त्या भरावावर हे उपनगर उभं राहिलं. तेव्हा ओल इथे पाहुणी नाही, मूळची रहिवासी आहे. वैशाखात भिंती घामेजतात, श्रावणात पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी येते. कसर वर्षभर असतेच. काकांकडच्या कपाटात मराठी पुस्तकं होती, बहुतेक त्यांच्या आईची. घर विकायचं ठरलं, मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं आणि माझ्या हातात सहा आठवडे आले.

शहरातल्या एका स्कॅनिंगच्या दुकानात मी चौकशी केली होती. त्यांचं यंत्र झटपट होतं. पण आधी कटिंग मशीनवर पुस्तकाची पाठ कापायची, मग सुट्या पानांचा गठ्ठा यंत्राच्या तोंडात द्यायचा. काकांची हरकत नव्हती. "काप गं खुशाल. नाहीतरी रद्दीतच जायची आहेत. इथे कोण वाचणार मराठी?"

हा प्रश्न मला कोलकात्यात राहून वरचेवर ऐकू येतो, आणि दर वेळी मला श्रीरामपूर आठवतं. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं नव्हे, इथून थोडं उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावरचं. तिथल्या छापखान्यात विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं आणि त्याचा मराठी कोश १८१०मध्ये. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी कितीतरी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं तिथेच तयार झाली. मराठी छपाईचं बालपण असं बंगालात गेलं. १९५४च्या कायद्यानं तर भारतातल्या प्रत्येक प्रकाशकानं आपल्या पुस्तकाची एक प्रत अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवणं बंधनकारक आहे. तेव्हा कोलकात्यात मराठी पुस्तक असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते एवढंच, की ते इथे आहे हे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या ध्यानात येत नाही, आणि इथल्या माणसाला ते काय आहे हे कळत नाही.

काकांकडच्या कपाटातल्या पुस्तकांना आणखी एक अडचण होती. त्यांतली निम्मी बंगालीतून मराठीत आलेली होती. अनुवादाला दोन घरं असतात असं आम्ही अनुवादक सभांमधून सांगतो. प्रत्यक्षात त्याची गत दोन घरच्या पाहुण्यासारखी होते. बंगाली अभ्यासक शरच्चंद्रांची सूची करतात तेव्हा मराठी अनुवाद तळटीपेत जातात. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा म्हणतो, हे मूळचं आपलं नव्हे. जतन करण्याची वेळ येते तेव्हा आधी मूळ ग्रंथ, मग थोरांची हस्तलिखितं, मग दुर्मिळ नियतकालिकं. अनुवादाचा नंबर येईपर्यंत कागदाचा चुरा झालेला असतो.

याच शहरातलं एक उदाहरण सांगते. सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) जन्मानं मराठी, पण लिहिलं बंगालीत. 'देशेर कथा' हे त्यांचं पुस्तक १९०४ साली आलं, स्वदेशीच्या दिवसांत बंगालभर वाचलं गेलं आणि १९१०मध्ये सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. त्याचा हिंदी अनुवाद केला बाबूराव विष्णु पराडकरांनी. तेही मराठी, आणि देऊस्करांचे भाचे. मराठी मामाचं बंगाली पुस्तक मराठी भाच्यानं हिंदीत नेलं. आता हे ग्रंथालयाच्या कुठल्या कपाटात ठेवायचं? त्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल त्यावर पुस्तक कोण शोधणार, कोण दुरुस्त करणार आणि कोण स्कॅन करणार हे ठरतं.

मी पाठी कापू दिल्या नाहीत. काकांना सांगितलं, "रद्दीत द्यायची तर नंतर द्या. पण आधी मला पुस्तकं म्हणून पाहू द्या."

सहा आठवडे जेवण स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच झालं. ऐन ज्येष्ठात पंखा बंद, कारण वाऱ्यानं पानं फडफडतात. खिडक्यांना काळं कापड, कारण काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडलं की नेमक्या ओळींवर पांढरा डाग येतो. खांद्यावर गामछा, कारण घामाचा थेंब पानावर पडला तर तो पुस्तकाबरोबर कायमचा राहणार. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरलं असतं तर हलकं झालं असतं, पण त्याच्यावर चरे पडतात आणि स्थिर विजेमुळे पातळ पान त्याला चिकटून वर उचललं जातं. जड काचच बरी. हिशेबानं तीनशे पानांच्या पुस्तकाला दीडशे वेळा पान उलटायचं, म्हणजे वीस मिनिटांचं काम. पण कागद असा असेल तर दीड तास. खाली बोटाऐवजी जाड कागदाची पट्टी सरकवायची, पान तिच्यावर पेलायचं, पलीकडे ठेवायचं. कॅमेरे, तारा, दिवे सगळं मदतीला आहे. पण खरं यंत्र म्हणजे पान उलटणारा हात. त्याला घाई करून चालत नाही, आणि त्याची जागा घेणारं अजून काही माझ्या पाहण्यात नाही.

फोटो काढून झाले की दुसरं काम. 'स्कॅन टेलर' नावाची एक मोफत प्रणाली आहे. ती पान सरळ करते, मजकुराभोवतीची कड कापते, समास सारखे करते आणि पिवळा कागद पांढरा करून त्यावर काळी अक्षरं ठेवते. त्यात एक सोय आहे, ठिपके काढून टाकण्याची. कसरीचे डाग, बुरशी, छपाईतली शाई उडालेली, हे सगळं ती टिपून पुसते. तिच्या तीन पातळ्या आहेत: सावध, मध्यम आणि कडक. मी एकाच पानावर तिन्ही लावून पाहिल्या. कडक पातळीवर पान इतकं स्वच्छ झालं की जणू कालच छापलंय. मग मी ते वाचायला घेतलं. अनुस्वार गेले होते.

प्रणालीचा दोष नाही. झिजलेल्या खिळ्यातून उमटलेला अनुस्वार आणि कसरीनं सोडलेला ठिपका आकारानं सारखेच असतात. तिनं लहान काळा ठिपका पाहिला, जवळ मोठं काही नाही असं पाहिलं आणि पुसला.

जुन्या मराठीत त्या ठिपक्याचं वजन किती होतं हे आता सांगावं लागतं, कारण १९६२च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून काढून टाकले. त्याआधीचा लेखक 'मी जातों' लिहायचा आणि 'तो जातो' लिहायचा. संवादात सर्वनाम गाळलेलं असेल, आणि कादंबरीत ते नेहमीच गाळलेलं असतं, तर 'येतों' म्हणजे मी येतो आणि 'येतो' म्हणजे तो कुणीतरी येतो. उंबरठ्यावर कोण उभं आहे, निरोप घेणारा की वाट पाहिला जाणारा, हे एका टिंबावर ठरतं. 'काम केलें' नपुंसकलिंगी एकवचन, 'प्रयत्न केले' पुल्लिंगी अनेकवचन. 'घरांत' तेव्हा एकाच घराच्या आतही असे. आज त्याचा अर्थ अनेक घरांच्या आत.

बंगालीत हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं आहे. 'तार' म्हणजे त्याचं. वर चंद्रबिंदू देऊन 'ताँर' लिहिलं की तेच आदरार्थी होतं, त्यांचं. तिथे टिंब पुसलं तर मान जातो. जुन्या मराठीत पुसलं तर माणूस बदलतो. एका भाषेतून दुसरीत जा-ये करणाऱ्याला हे ठिपके सोडून देता येत नाहीत.

मग मी सगळी पुस्तकं 'सावध'वर केली आणि धूळ राहू दिली. पुढची पायरी, चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. त्यासाठी 'टेसरॅक्ट' वापरते. ती मूळ ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात सुरू झालेली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झालेली प्रणाली. मराठी तिला येतं. पण तिला आजचं मराठी येतं. शाई पसरून 'भ'चं वरचं तोंड बंद झालं की ती 'म' वाचते, 'ध'चा 'घ' करते, आणि 'केलें' दिसलं तरी तिला 'केले'च ओळखीचं वाटतं. म्हणून मजकूर शोधण्यापुरताच वापरायचा. वाचायचं ते चित्रावरून.

नोंद करण्याचं कामही मी मनावर घेतलं. एका मोठ्या डिजिटल संग्रहात मी बंगाली कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद शोधत असे. शीर्षकं रोमन लिपीत आणि वाटेल त्या स्पेलिंगात, लेखकाच्या जागी कधी मूळ लेखक, कधी प्रकाशक. अनुवादकाच्या नावाला रकानाच नाही. पुस्तक आहे, पण मागता येत नाही. म्हणजे नसल्यातच जमा. आमच्या खाटेवर पहिला फोटो मोजपट्टीसह मुखपृष्ठाचा, दुसरा शीर्षकपानाचा, तिसरा त्याच्या मागच्या पानाचा. नोंदीत मूळ शीर्षक, मूळ भाषा, मूळ लेखक आणि अनुवादक, सगळं देवनागरीत. प्रस्तावनेत अनुवादकानं मूळ कुठल्या आवृत्तीवरून काम केलं हे सांगितलं असेल तर तेही. यात मोठं पांडित्य नाही, पुस्तकामागे पाच मिनिटं जातात.

सगळं काही लगेच सर्वांसाठी खुलं करता येत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. ही साठ वर्षंही बंगालचीच देणगी म्हणायची. आधी मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरची ती १९९१ अखेर संपणार होती, आणि ऐन वेळी कायदा बदलून दहा वर्षं वाढवली गेली. शरच्चंद्रांचं मूळ लेखन त्याआधीच मोकळं झालं होतं. पण त्यांना मराठी घरांत आणणारे मामा वरेरकर गेले २३ सप्टेंबर १९६४ला. त्यांच्या अनुवादांवरचा हक्क संपला तो ३१ डिसेंबर २०२४च्या मध्यरात्री. म्हणजे मूळ कादंबरी छत्तीस वर्षं मोकळी, आणि तिचा मराठी अवतार आत्ता कुठे सुटला. कपाटात वरेरकरांचे अनुवाद होते. ते मी आर्काइव्हवर ठेवले. बाकीच्यांची वर्षांप्रमाणे यादी केली आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बंगाली शिकून शांतिनिकेतनात राहायला गेलेल्या पु. लं.चं 'वंगचित्रे'ही त्या कपाटात होतं. ते २०६१मध्ये खुलं होईल. तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन. ते पुस्तक सगळीकडे मिळतं, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत अशा अनुवादकांची. ते कधी गेले हेच नोंदलेलं नसेल तर त्यांची पुस्तकं मोकळी कधी होणार, हे सांगायला कुणी नाही.

पाचव्या आठवड्यात एक पुस्तक खाटेवर आलं, त्याचे समास पेन्सिलीनं भरलेले होते. काकांच्या आईचं अक्षर. नागपूरहून लग्न होऊन आलेल्या त्या बाईंनी बंगाली शिकण्याची आपली पद्धत शोधली होती: मराठी अनुवाद स्वतःचा, मूळ बंगाली शेजारणीकडून उसनं, आणि दोन्ही ओळीओळीनं जुळवत जायचं. मराठीतल्या 'खिडकी'शेजारी 'जानला'. 'उशी'शेजारी 'बालिश', आणि पुढे उद्गारचिन्ह. 'प्रयत्न'खाली रेघ, समासात 'चेष्टा'. आपल्याकडे चेष्टा म्हणजे टिंगल आणि बालिश म्हणजे पोरकट. बंगालीत एकीचा अर्थ खटपट आणि दुसऱ्यावर डोकं टेकायचं. विद्यापीठात आम्हाला हे फसवे शब्द वर्गात शिकवले गेले. या बाईंनी ते एका कादंबरीच्या काठाकाठानं, घरकाम संपल्यावर, एकटीनं गोळा केले होते.

'स्कॅन टेलर'च्या लेखी हे सगळं मजकुराबाहेरचं. कडेचं कापलं जातं, पेन्सिलीचा फिका करडा रंग पांढऱ्यात विरतो. म्हणून त्या पुस्तकाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक वाचण्यासाठी स्वच्छ, दुसरी रंगीत, जशीच्या तशी, डागांसकट. पाठ कापून दुकानात दिलं असतं तर पहिलीच मिळाली असती, आणि काही हरवलं आहे हे कुणालाच कळलं नसतं. दुसऱ्या प्रतीला हार्ड डिस्कवर कितीतरी जास्त जागा लागते. लागू दे.

काका पुण्याला गेले. पुस्तकांसाठी मी एका वाचनालयाला विचारलं होतं. जागा नाही असं उत्तर आलं. सध्या ती माझ्याकडे आहेत, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यांत. काका आता टॅबवर पान मोठं करून वाचतात. छापील अक्षर त्यांना दिसेनासं झालं होतं, त्यामुळे आईची पुस्तकं ते पंधरा वर्षांत पहिल्यांदाच वाचताहेत. मध्यंतरी त्यांचा फोन आला. एका पानाची चांगली छापील प्रत पाठवशील का, म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा-बालिशचं पान असेल. ते नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं धोब्याचा हिशोब लिहिला होता: ४ धोतरं, ६ पोलकी, २ चादरी, १ लहान सदरा.

"तो लहान सदरा माझा," काका म्हणाले.